तलवार म्यानात कोणी घालायची?

मुंबईत कुलाब्याला नेव्हीनगरच्या रस्त्यावर उंच मनोऱ्याचे एक दगडी चर्च आहे. नाव सेंट जॉनचे, पण सगळे त्याला अफगाण चर्च म्हणतात. सिंधच्या मोहिमेत आणि पहिल्या अफगाण युद्धात मेलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ ते बांधले गेले आणि १८५८ साली उपासनेसाठी खुले झाले. आतल्या भिंतींवर पलटणींची आणि अधिकाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. पुण्याच्या लष्कर भागातली, खडकीची जुनी चर्चही याच घराण्यातली. मराठी मुलखाने ख्रिस्ती धर्म पाहिला तो बराचसा असा, छावणीला लागून उभा असलेला. त्यामुळे ‘ख्रिस्ती युद्धविरोध’ असे म्हटले की आपल्याकडचा वाचक भुवया उंचावतो. क्रूसेड कोणी काढली? पहिल्या महायुद्धात खंदकांच्या दोन्ही बाजूंना कोणत्या धर्माची प्रार्थना चालू होती?

हे प्रश्न रास्त आहेत आणि ख्रिस्ती युद्धविरोधावरच्या या संग्रहाच्या संपादकांनी ते टाळलेले नाहीत. माझ्या मते या विषयात शिरण्याचा दरवाजाच तिथे आहे. शस्त्र नाकारणाऱ्या ख्रिस्ती माणसाची गाठ शत्रूच्या सैनिकाशी क्वचितच पडली. त्याला अडवले ते त्याच्याच बिशपने, त्याच्याच पाळकाने, त्याच्याच गावकऱ्यांनी. दोन हजार वर्षे चाललेले हे घरातले भांडण आहे, आणि भांडण आहे म्हणूनच ते वाचण्यासारखे आहे. सगळ्यांचे एकमत असते तर एका पोथीत भागले असते.

सर्वांत जुन्या नोंदींपैकी एक पाहा. इसवी सन २९५, उत्तर आफ्रिकेतले थेवेस्ते हे गाव, म्हणजे आजच्या अल्जीरियातले तेबेसा. मॅक्सिमिलियन नावाच्या एकवीस वर्षांच्या तरुणाला सैन्यभरतीसाठी रोमन सुभेदारापुढे उभे केले आहे. उंची मोजली जाते, गळ्यात शिशाची मुद्रा घालायची तयारी होते. तो म्हणतो, मी ख्रिस्ती आहे, मला हे जमणार नाही. सुभेदार काही राक्षस नव्हे. तो समजावतो, वडिलांना मध्यस्थी करायला सांगतो. शेवटी तो बिनतोड वाटणारा मुद्दा काढतो: सम्राटांच्या खास पथकांत ख्रिस्ती शिपाई आहेतच की, ते चाकरी करतात ना? तरुणाचे उत्तर असे की त्यांचे त्यांना माहीत, मला चूक करता येत नाही. त्याच दिवशी त्याचा शिरच्छेद झाला. भक्त मंडळी अशी कथा वाचताना रक्तसाक्षीच्या धैर्यापाशी थांबतात. मला त्यातले सुभेदाराचे वाक्य जास्त मोलाचे वाटते, कारण त्यातून कळते की तिसऱ्या शतकाच्या अखेरीस ख्रिस्ती माणसे सैन्यात होती आणि सैन्याला नकार देणारीही होती. दोघेही एकाच प्रभूचे नाव घेत होते.

आरंभीचे चर्च पूर्णपणे शस्त्रत्यागी होते आणि पुढे कॉन्स्टंटाइनने ते बिघडवले, असे एक सोपे चित्र शांतिवादी मंडळी रंगवतात. ते अर्धे खरे आहे. कार्थेजचा टर्टुलियन आणि अलेक्झांड्रियाचा ऑरिजेन यांनी ख्रिस्ती माणसाच्या हातातल्या तलवारीविरुद्ध नि:संदिग्धपणे लिहिले. पण टर्टुलियनला रक्ताइतकाच विटाळ सैन्यातल्या मूर्तिपूजेचा आणि सम्राटपूजेचा होता. यांतले मूळ कारण कोणते, यावर अभ्यासकांचे आजही जमत नाही. शुभवर्तमानातही दोन्ही पक्षांना दारूगोळा मिळतो. (असा शब्दप्रयोग इथे करणे बरे नव्हे, पण तो नेमका आहे.) एका बाजूला डोंगरावरील प्रवचन आहे, वैऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा आहे, अटकेच्या रात्री पेत्राला तलवार म्यानात घालायला सांगणारा येशू आहे. दुसऱ्या बाजूला बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे आलेले शिपाई आहेत. त्यांना तो जुलूम करू नका, पगारात समाधान माना म्हणतो, नोकरी सोडा म्हणत नाही. ज्याच्या विश्वासाची येशूने वाखाणणी केली तो शताधिपती आहे, मंदिरातला चाबूक आहे, आणि सत्तेच्या हाती तलवार व्यर्थ नाही असे रोमकरांना कळवणारा पौल आहे. वचने मोजून हा वाद सुटला असता तर तो केव्हाच सुटला असता.

चौथ्या शतकात राजसत्ता ख्रिस्ती झाली आणि प्रश्नच पालटला. आतापर्यंत सवाल होता, या सम्राटासाठी लढावे का? आता सम्राट आपलाच, सीमा आपलीच. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला तर मूर्तिपूजकांना शाही सेवेत मज्जाव करणारा कायदा झाला. या नव्या जगासाठी ऑगस्टीनने जे विचारसूत्र दिले त्याला पुढे ‘न्याय्य युद्ध’ हे नाव पडले: योग्य सत्तेने पुकारलेले, न्याय्य कारणासाठी, निर्मळ हेतूने लढलेले युद्ध. ऑगस्टीनला युद्धखोर ठरवण्याची घाई करू नये. खासगी माणसाने स्वतःचा जीव वाचवण्यासाठीही दुसऱ्याला मारू नये, असे त्याचे मत होते. शस्त्राची मुभा त्याने दिली ती दुसऱ्याच्या रक्षणासाठी आणि तीही खिन्न मनाने. सहाशेहून अधिक वर्षांनंतरही ती खिन्नता पुरती गेली नव्हती. १०६६ साली नॉर्मन फौजेने इंग्लंड जिंकले, तेव्हा जिंकणाऱ्या सैनिकांना चर्चने प्रायश्चित्त सांगितले: ज्याने माणूस मारला त्याने दर माणसामागे एक वर्ष. मग तीसच वर्षांत, १०९५ साली, क्लेरमाँच्या सभेत पोप दुसऱ्या अर्बनने जाहीर केले की जेरूसलेमच्या मोहिमेवर जाणे हेच प्रायश्चित्त. आधी युद्धाबद्दल प्रायश्चित्त, आता युद्ध हेच प्रायश्चित्त. शांतिवाद, न्याय्य युद्ध आणि धर्मयुद्ध या तीन भूमिका रोलंड बेंटन या इतिहासकाराने १९६० साली मांडल्या आणि बहुतेक अभ्यासक आजही त्याच चौकटीत बोलतात. त्यातल्या दुसरीवरून तिसरीवर घसरायला किती कमी वेळ लागतो, हे या तीस वर्षांत दिसते.

मधल्या काळातले वाल्डेन्सी, बोहेमियातला पेत्र खेल्चित्स्की, युद्धाची टर उडवणारा इरॅस्मस यांची ओळख पुस्तकात आहे. मी थेट सोळाव्या शतकावर येतो. १५२५ साली झुरिकमध्ये काही तरुणांनी एकमेकांना प्रौढपणी पुन्हा बाप्तिस्मा दिला. आज ही गोष्ट किरकोळ वाटेल. तेव्हा बालपणीचा बाप्तिस्मा ही एका अर्थी नागरिकत्वाची नोंद होती. ती नाकारणे म्हणजे गाव, राज्य आणि चर्च यांची गाठ सोडणे. ती सुटली की राज्याची तलवारही आपली राहत नाही. दोनच वर्षांनी श्लाइटहाइम येथे त्यांनी सात कलमांचे विश्वासपत्र केले. तलवारीला नकार हे त्यातले एक. त्यामागचा प्रमुख हात मिखाएल साटलर याचा. त्याच्यावर खटला चालला तेव्हा एक आरोप असा होता की तुर्क चालून आले तर त्यांचा शस्त्राने प्रतिकार करू नये असे हा शिकवतो. त्या काळी तुर्क व्हिएन्नाच्या दिशेने सरकत होते. साटलरने आरोप नाकारला तर नाहीच, वर सुनावले की लढणे योग्य असते तर मी तुर्कांपेक्षा ख्रिस्ती म्हणवून छळ करणाऱ्यांविरुद्ध लढलो असतो. त्याची जीभ कापून त्याला जाळले. ‘पण हिटलर असता तर?’ हा प्रश्न विसाव्या शतकाचा शोध नव्हे. १५२७ साली त्याचे नाव ‘पण तुर्क आले तर?’ असे होते.

याच पुनर्बाप्तिस्मावादी लोकांतल्या काहींनी १५३४ साली म्युन्स्टर शहर शस्त्राने ताब्यात घेतले आणि तिथे रक्ताचा सडा पडला, हेही सांगायला हवे. त्या राखेतून मेनो सिमन्स या माजी धर्मगुरूने शांत, शस्त्रत्यागी मंडळ्या उभ्या केल्या. त्या मेनोनाइटांची सर्वांना ठाऊक असलेली कथा डर्क विलेम्सची. १५६९ साली तो पकडणाऱ्यांपासून गोठलेल्या पाण्यावरून पळत होता. मागचा माणूस बर्फ फुटून बुडू लागला, हा परत फिरला, त्याला बाहेर काढले, आणि पकडला जाऊन जाळला गेला. मेनोनाइट घरांत या प्रसंगाचे चित्र पिढ्यान्‌पिढ्या टांगलेले असते. त्यांचा मार्ग अलिप्ततेचा: जगाचे राज्य जगाने चालवावे, आम्ही त्यात हात घालणार नाही, आम्हाला आमच्या शेतावर राहू द्या. राहू दिले नाही की ते उठून चालू लागत. प्रशियातून रशियात, आणि १८७० च्या दशकात रशियाने लष्करी सेवेचा कायदा आणल्यावर कॅन्सस आणि मॅनिटोबात. त्यांच्यातलेच काही मिशनरी १८९९ च्या दुष्काळात आपल्या शेजारच्या छत्तीसगडातल्या धमतरीला आले.

क्वेकर या ख्रिस्ती पंथाचा स्वभाव वेगळा. सतराव्या शतकातल्या इंग्लंडच्या यादवी युद्धातून निघालेली ही माणसे राजाला पत्रे लिहितात, संसदेच्या दारात उभी राहतात, वसाहत मिळाली तर राज्यही करून पाहतात. पेन्सिल्व्हेनियात त्यांनी सत्तर वर्षे ते केले, आणि १७५६ साली सरहद्दीवर युद्ध पेटल्यावर त्यांच्यातल्या अनेकांनी विधिमंडळ सोडले. सत्ता आणि शस्त्रत्याग एकत्र नांदतात का, याचा इतका लांबलेला प्रयोग दुसरा मला माहीत नाही. तो फसला असे मी म्हणणार नाही, पण त्याच राज्यात १७३७ साली वसाहतीचा संस्थापक विल्यम पेन याच्या मुलांनी तिथल्या मूळनिवासी लेनापे लोकांची जमीन लबाडीने लाटली, हे त्या प्रयोगाच्या स्तुतिपाठकांनी वगळू नये. १९४७ चे शांततेचे नोबेल क्वेकरांच्या दोन मदतसंस्थांना मिळाले, ते मात्र युद्धात दोन्ही बाजूंच्या उपाशी लोकांना खाऊ घातल्याबद्दल.

टॉल्स्टॉयला या संग्रहात जितकी पाने मिळाली आहेत तितकी द्यायला नको होती असे मी संपादकांना सुचवले होते. त्यांनी ऐकले नाही. त्यांचे कारण मला पटले नाही तरी समजते. मराठी वाचकाचा या परंपरेशी खरा दुवा तोच आहे. ‘ईश्वराचे राज्य तुमच्यातच आहे’ हे त्याचे पुस्तक रशियात बंदी असल्यामुळे बाहेर छापले गेले आणि दक्षिण आफ्रिकेत तरुण गांधींच्या हाती पडले. टॉल्स्टॉयने चर्चवर जितका राग धरला तितका कुणी नास्तिकानेही धरला नसेल: डोंगरावरील प्रवचन सोपे आहे, ते अवघड करण्याचे काम धर्मपंडितांनी पगार घेऊन केले, असा त्याचा आरोप. त्याने सगळे काही नकारावर उभे केले: शपथ नको, कर नको, भरती नको. गांधींनी त्या नकाराला हातपाय दिले. १९१८ साली मात्र तेच गांधी खेडा जिल्ह्यात ब्रिटिश सैन्यासाठी माणसे भरती करायला फिरत होते, आणि त्यांना पत्रांतून अडवणारा होता एक इंग्रज ख्रिस्ती, चार्ली अँड्र्यूज. अहिंसेचे धडे कोणी कोणाला दिले, याचे उत्तर वाटते तितके सरळ नाही.

महाराष्ट्रातल्या दोन-तीन खुणा इथेच सांगतो. व्हेरियर एल्विन हा ऑक्सफर्डचा तरुण धर्मोपदेशक १९२७ साली पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात आला तो भारतीय पद्धतीने ख्रिस्तभक्ती करायला. १९३० साली त्याने ‘क्राइस्ट अँड सत्याग्रह’ लिहून ख्रिस्ती माणसाने सत्याग्रहाच्या बाजूने का उभे राहावे हे मांडले. चर्चच्या वरिष्ठांशी त्याचे बिनसत गेले आणि पुढे त्याने चर्चच सोडले. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगांचे काम करणारे जे. सी. कुमारप्पा हे जन्माने आणि श्रद्धेने ख्रिस्ती. येशूच्या शिकवणीवरचे त्यांचे पुस्तक तुरुंगात लिहिलेले आहे. आणि गांधींच्या उपस्थितीत व्हावी म्हणून योजलेली जागतिक शांतिवाद्यांची परिषद त्यांच्या हत्येनंतर, डिसेंबर १९४९ मध्ये, शांतिनिकेतन आणि सेवाग्रामला भरली. व्हेरा ब्रिटन यांच्यासारखी युरोपातली माणसे तिला आली होती.

पहिल्या महायुद्धाने नकाराला कायद्याच्या कोर्टात आणले. ब्रिटनने १९१६ साली सक्तीची भरती सुरू केली आणि १६,०००हून अधिक पुरुषांनी सद्सद्विवेकबुद्धीचे कारण देऊन ती नाकारली. गावोगावच्या न्यायमंडळांपुढे त्यांची उलटतपासणी होई: तुमच्या बहिणीवर जर्मन शिपाई चालून आला तर काय कराल? कुणी रुग्णवाहिका चालवायला तयार झाले, कुणी शेतीकाम पत्करले, कुणी कशालाच तयार नव्हते. त्यांतल्या ३५ जणांना फ्रान्समध्ये नेऊन मृत्युदंड सुनावला आणि तो लगेच दहा वर्षांच्या सक्तमजुरीवर आणला. त्यांतल्या अनेकांना आपल्याच मंडळ्यांकडून आधार मिळाला नाही.

मला विचाराल तर या विषयाचे मर्म एका शेतकऱ्यापाशी आहे. फ्रान्झ येगरश्टेटर, ऑस्ट्रियातल्या सांक्ट राडेगुंड गावचा, तीन मुलींचा बाप. १९३८ साली ऑस्ट्रिया जर्मनीत विलीन करण्याबद्दल सार्वमत झाले तेव्हा गावात विरोधी मत देणारा तो एकटा. थोडे लष्करी शिक्षण त्याने घेतले होते. मग विचार करत करत तो अशा निष्कर्षाला आला की हे युद्ध अन्यायाचे आहे आणि त्यात आपल्याला भाग घेता येणार नाही. तो गावच्या फादरांकडे गेला, मग लिंत्सच्या बिशपकडे गेला. सगळ्यांनी हेच सांगितले की कुटुंबाकडे पाहा, युद्ध न्यायाचे की अन्यायाचे हे ठरवणे तुझे काम नव्हे. मार्च १९४३ मध्ये त्याने नकार दिला, जखमींची शुश्रूषा करण्याची तयारी दाखवली, ती मान्य झाली नाही, आणि ९ ऑगस्ट १९४३ रोजी ब्रांडेनबुर्गच्या तुरुंगात त्याचे शिर उडवले. युद्धानंतरही बिशपचे मत बदलले नाही. कर्तव्य म्हणून लढून मेलेले ते खरे वीर, असे त्यांचे म्हणणे होते. २००७ साली चर्चने त्याला धन्य घोषित केले, तेव्हा त्याची वृद्ध पत्नी फ्रान्झिस्का समोर बसलेली होती.

येगरश्टेटर काटेकोर अर्थाने शांतिवादी नव्हता. त्याने वापरली ती ऑगस्टीनची कसोटी, चर्चनेच शिकवलेली. फरक एवढाच की ती त्याने आपल्याच देशाच्या चालू युद्धाला लावली. न्याय्य युद्धाचा सिद्धांत शतकानुशतके राहिला तो पुस्तकात आणि विद्वानांच्या, राजांच्या हाती. त्यातून ‘आमचे हे युद्ध अन्याय्य’ असा निकाल देणारी चर्च शोधायला गेलो तर फार थोडी सापडतात. व्हिएतनामबाबत अमेरिकेच्या कॅथलिक बिशपांनी १९७१ साली तसे म्हटले, तेही वर्षानुवर्षे रक्त वाहिल्यावर. शांतिवादी भाबडे असतात असा आक्षेप आहे. वरचा हिशेब पाहता भाबडेपणाची वाटणी दोन्हीकडे करावी लागेल.

पण म्हणून विरोधी पक्ष हलका होत नाही. राइनहोल्ड नीबूर हा अमेरिकी विचारवंत एके काळी शांतिवादी संघटनेचा पदाधिकारी होता. माणसाच्या पापाची खोली आणि समूहाचा स्वार्थ शांतिवाद्यांना दिसत नाही, असे म्हणत तो बाहेर पडला, आणि १९४० साली त्याने मांडलेली टीका आजही सर्वांत धारदार आहे. जर्मन धर्मपंडित डीट्रिख बोनहॉफर गांधींकडे येऊन राहण्याची स्वप्ने पाहत होता. गांधींचे आमंत्रणही त्याला आले होते. अखेर तो हिटलरविरोधी कटात सामील झाला आणि एप्रिल १९४५ मध्ये फाशी गेला. त्याने आपल्या कृतीला निर्दोष म्हटले नाही, दोष पत्करून ती केली. त्याला शांतिवाद्यांच्या यादीत ओढणारे आणि शांतिवादाच्या पराभवाचा साक्षीदार म्हणून उभा करणारे, दोघेही त्याच्यावर अन्याय करतात. शस्त्रत्यागी मंडळ्यांची अवस्थाही झाकू नये: जर्मनीतल्या मेनोनाइटांनी तोवर आपले जुने तत्त्व सोडले होते आणि त्यांची मुले हिटलरच्या फौजेत लढली.

अणुबॉम्बनंतर मोठी चर्चही हलू लागली. १९६३ चे ‘पाचेम इन तेरीस’ हे पोप तेविसाव्या योहानांचे परिपत्रक, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने भरती नाकारणाऱ्यांना दिलेली मान्यता आणि २०२० साली पोप फ्रान्सिस यांनी न्याय्य युद्धाच्या कल्पनेबद्दल दाखवलेली शंका, ही एकाच वाटेवरची ठिकाणे. मार्टिन ल्यूथर किंग यांनी ४ एप्रिल १९६७ रोजी न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्ये व्हिएतनाम युद्धाविरुद्ध तोंड उघडले, तेव्हा त्यांच्याच चळवळीतले अनेक सहकारी नाराज झाले. वर्णभेदाविरुद्धची अहिंसा सर्वांना चालत होती. ती देशाच्या फौजेकडे वळली की चालेनाशी झाली.

आज हे पुस्तक मराठीत का, असे कोणी विचारील. भारतात सक्तीची भरती नाही, त्यामुळे आपल्यावर मॅक्सिमिलियनसारखी वेळ येत नाही. पण रशियाच्या युक्रेनवरील युद्धात मॉस्कोच्या ऑर्थोडॉक्स चर्चच्या प्रमुखांनी (पॅट्रिआर्क) लढताना मेलेल्याची पापे धुतली जातात अशा अर्थाचे प्रवचन २०२२ साली दिले. म्हणजे क्लेरमाँची सभा अजून उठलेली नाही. दुसरीकडे, युक्रेनच्या माणसाला शस्त्र खाली ठेव असे पुण्यात बसून सांगणे सोपे आहे, आणि जो शांतिवाद हे सहज सांगतो त्याच्याबद्दल मला संशय आहे. दक्षिण कोरियात भरती नाकारल्याबद्दल हजारो यहोवाचे साक्षीदार तुरुंगात गेले. २०१८ साली तिथल्या घटना न्यायालयाने पर्यायी सेवेची सोय करण्याचा आदेश दिला. आपल्याकडे शस्त्र हाती न घेताही युद्धाचा उत्सव करता येतो, दूरचित्रवाणीवर रोज संध्याकाळी. त्या गर्दीत गप्प राहणाऱ्या माणसालाही शेजारी प्रश्न विचारतातच.

संपादकांनी सलग इतिहास लिहिण्याचा मोह टाळून कागदपत्रे निवडली आहेत: खटल्यांच्या नोंदी, तुरुंगातली पत्रे, विश्वासपत्रे, प्रवचने, निबंध. विरोधकांना परिशिष्टात न टाकता त्यांनी मध्येच बसवले आहे, त्यामुळे पान उलटले की उत्तर समोर येते. नवख्या वाचकाने क्रमाने वाचलेच पाहिजे असे नाही. येगरश्टेटरची पत्रे आणि लगेच नीबूर, अशी सुरुवात मी सुचवीन. बायकांचे लेखन कमी आहे ही उणीव मला खटकते. नकार देणाऱ्या पुरुषामागे शेत, मुले आणि गावाचा बहिष्कार सांभाळणाऱ्या फ्रान्झिस्कासारख्या स्त्रियांचे म्हणणे आणखी हवे होते. जॉन हॉवर्ड योडर या मेनोनाइट पंडिताचा निबंध घ्यावा की नाही यावर बराच वाद झाला. १९७२ च्या ‘द पॉलिटिक्स ऑफ जीझस’ने शांतिवादाला विद्यापीठांत मान मिळवून दिला तो यानेच, आणि अनेक स्त्रियांचे लैंगिक शोषण केले तेही यानेच; त्याच्या संस्थांनी ते दीर्घकाळ दडपले आणि उशिरा कबूल केले. निबंध घेतला आहे, पण त्याच्या आधी या शोषणाचे स्वतंत्र टिपण छापले आहे. ते टिपण गाळून निबंध वाचू नये.